मामाची मिरची आणि पारदर्शक पॅनेल



दिवाळीत जुन्नरला मामाकडे गेले होते. त्याचं ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस आहे. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणून मोटार लावायला मामा अपरात्री उठतो. तो म्हणाला, "काय गं इंजिनीअर, छपराला पारदर्शक सोलर पॅनेल टाकलं तर? मिरचीलाही ऊन, मोटारीलाही वीज." मी ऐटीत "टाक की!" म्हणाले. हॉस्टेलवर येऊन वाचलं, तेव्हा पोटात गोळा आला. पॉलीहाऊसचं कर्ज अजून फिटायचंय.

गोष्ट साधी आहे. जो प्रकाश काचेतून आरपार गेला, त्याची वीज होत नाही. ज्याची वीज झाली, तो झाडाला मिळत नाही. एक भाकरी दोघांना अख्खी कशी मिळणार? पण वाटणी हुशारीने करता येते, ती रंगावरून. प्रकाशसंश्लेषणासाठी झाडं मुख्यतः 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. त्यातला तांबडा आणि निळा ती जास्त शोषतात. हिरव्यातला काही परत पाठवतात, म्हणून तर पानं हिरवी दिसतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये मायकेल लॉइक आणि स्यू कार्टर यांनी हेच वापरलं. त्यांच्या ग्रीनहाऊसच्या छपरात किरमिजी रंगद्रव्य होतं. ते निळ्या-हिरव्या प्रकाशाचा काही भाग शोषून तांबडा प्रकाश बाहेर टाकतं. त्यातला काही टोटल इंटर्नल रिफ्लेक्शनमुळे छपराच्या तावातच अडकतो आणि अरुंद सोलर पट्ट्यांपर्यंत पोचतो. बाकीचा खाली झाडांवर पडतो. 2017 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: सुमारे 80 टक्के झाडांवर काही परिणाम नाही, 20 टक्के उलट जास्त चांगली वाढली. टोमॅटोला पाणीही 5 टक्के कमी लागलं. त्यांच्या पिकांत मिरचीसुद्धा होती!

पण तिथलं ऊन वेगळं, वाण वेगळे. शिवाय तेवढ्याच जागेत साधं काळं सिलिकॉन पॅनेल जास्त वीज देतं.

म्हणून काल मामाला फोन केला. "मामा, सगळं छप्पर बदलू नकोस. मोटारीसाठी विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर साधी पॅनेल बसव. रंगीत छपराचा एखादा ताव मिळाला तर आधी एकाच बेडवर लावू आणि मिरची तोलून बघू."

"मग दिवाळीत 'टाक की' म्हणालीस ते?"

"तेव्हा वाचलं नव्हतं रे मामा."

मामा हसला. म्हणाला, "आता शिकायला लागलीस."