पीटीचा तास आणि गणिताची वही
परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा. मीही तो गणितासाठी मागून घेतलाय! पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात साधारण साडेनऊ वर्षांची 20 मुलं 20 मिनिटं ट्रेडमिलवर चालली. नुसतं बसून राहिल्यापेक्षा, चालल्यानंतर त्यांचं लक्ष जास्त टिकलं, वाचलेलं जास्त समजलं.

शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघा. पुढची पकड आठवायची, घाई आवरायची. ही कपाळामागच्या मेंदूची कामं. गणितात दुसरं काय लागतं?

लालबाग-परळच्या शाळेला मैदान नसेल, तर गच्चीवर दोरीच्या उड्या घ्या. मात्र दम खाली बसल्यावरच वही उघडा. त्या प्रयोगातही नाडी शांत झाल्यावरच चाचणी घेतली होती.