आधी जप्ती, मग झडती?

कर्जावर घेतलेला टेम्पो पोलिसांनी नेला, की गटात पहिला प्रश्न येतो, ‘न तपासताच कसा नेला?’

नेता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ बघा. वस्तू चोरीची असल्याचा किंवा तिच्यामुळे गुन्ह्याचा संशय येत असेल, तर पोलीस ती वॉरंटशिवाय जप्त करू शकतात. भर रस्त्यात गाडी उघडली तर हातांचे ठसे पुसले जातात, म्हणून नीट झडती कधी कधी नंतर होते. मार्च २०२१ मध्ये अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने एक मर्सिडीज जप्त केली, आठवतंय ना? तिच्यात नोटा मोजायचं यंत्र आणि पाच लाखांहून जास्त रोकड मिळाली. (नो-पार्किंगची टोइंग वेगळी, ती इथे नको.)

पण संशयाला काही आधार हवा. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, मोबाइलवरही चालतं. जप्त वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या लागतात. तुम्हाला सही करायला सांगितली, तर आधी पूर्ण वाचा.

गाडी उभी राहिली की हप्ता थकतो. म्हणून थांबू नका, वकिलामार्फत कोर्टात परतीचा अर्ज करा. गाड्या ठाण्याच्या आवारात विनाकारण सडवू नयेत, फोटो, पंचनामा आणि हमी घेऊन परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय. अर्जासोबत आरसी, विमा आणि कर्जाचे कागद जोडा.