जांघेतली कळ : हाड बसवून घेण्याआधी

मांडी घालून जरा वेळ बसले की जांघेत कळ येते, उठताना पाय आखडतो, रिक्षात चढताना किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकले की आत काहीतरी चिमटल्यासारखे होते. ही तक्रार आम्ही कचेरीत ऐकतो आणि वस्तीतही ऐकतो. बहुतेकांचे निदान घरीच झालेले असते, वात आहे नाहीतर नस चढली आहे. मग तेल, मग चोळणे, मग हाडवैद्य. अलीकडे मोबाईलवरच्या चित्रफितींची त्यात भर पडली आहे. कायरोप्रॅक्टर पाय धरून झटका देतो, कडकन आवाज होतो आणि रोगी हसत उठतो. ते पाहून रोज बुडवून, उसने पैसे घेऊन जाणारेही आम्हाला ठाऊक आहेत.

म्हणून थोडे समजून घेऊ. खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो. काहींच्या गोळ्याच्या मानेपाशी हाडाचा उंचवटा असतो, काहींच्या उखळीचा काठच जरा पुढे आलेला असतो. पाय पोटाकडे दुमडला आणि आत वळला की हे दोन भाग एकमेकांवर आपटतात आणि मधली मऊ कड चेंगरते. याला हिप इम्पिंजमेंट म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक राइनहोल्ड गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे दुखणे आणि पुढे होणारी सांध्याची झीज यांचा संबंध मांडला. साधारण विशी ते पन्नाशीतील माणसांत ते दिसते. रोगी दुखते कुठे हे दाखवताना अंगठा मागे आणि बोटे जांघेत असा खुबा चिमटीत धरतो.

मात्र नुसत्या एक्स-रेवर घाबरू नये. असा उंचवटा असूनही आयुष्यात कधी न दुखणारी माणसे पुष्कळ आहेत. त्रास, डॉक्टरांनी पाय वळवून केलेली तपासणी आणि एक्स-रे, तिन्ही जुळले तरच हा आजार, असे २०१६ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवले.

येथे आमच्या विदर्भातील वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तिकडे आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागते, आणि तेव्हाही दुखते ते जांघेतच. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, दोष एम.आर.आय.मध्ये कळतो. अशा खुब्याला कोणी झटके दिले तर काय होईल? घरात कोणाला सिकलसेल असेल तर खुबा दुखताच आधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला. तपासणी झालेली नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच चालू आहे. ताप, रात्री झोप मोडणारे दुखणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, वाढत्या वयाच्या मुलाचे लंगडणे, यांपैकी काही असले तरी चोळत बसू नये.

आता कायरोप्रॅक्टिकविषयी. ही पद्धत अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केली आणि तिचा मुख्य भर पाठीच्या कण्यावर आहे. तो कडकन आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. हाताने सांधा सैल करून काहींना काही काळ बरे वाटते, हे आम्ही नाकारत नाही. पण हाडाचा आकार कोणाच्याही हाताने बदलत नाही. शिवाय फिजिओथेरपिस्टसाठी आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे, कायरोप्रॅक्टरसाठी तसा नाही. पाटीवर काय लिहिले आहे त्यापेक्षा माणूस काय शिकला आहे ते विचारावे.

गुण येतो तो कंटाळवाण्या गोष्टींनी. पहिली म्हणजे बसणे बदलणे. भांडी घासणे, भाजी निवडणे, फरशी पुसणे ही कामे आपल्या घरांत उकिडवे बसूनच होतात, आणि ती बाईच्याच वाट्याला येतात. भांडी उभ्याने घासता येतील अशी सोय करा, फरशीला लांब दांड्याचे पुसणे घ्या, संडासात खुर्चीचे भांडे ठेवा. घरातील पुरुषांनी यातले एखादे काम उचलले तर औषध आणखी लवकर लागू पडेल. विहारात गुडघे मोडून बसता येत नाही म्हणून वंदनेला न येणाऱ्या भगिनी आहेत. समितीने चार खुर्च्या ठेवाव्यात, त्यात कमीपणा कसला?

दुसरी म्हणजे व्यायाम. उताणे पडून, गुडघे दुमडून, नितंब आवळत कंबर उचलायची, पाच अंक मोजून खाली. न दुखणाऱ्या कुशीवर पडून, टाचा जुळवून, वरचा गुडघा सावकाश उघडायचा. जांघेत चिमटले की थांबायचे. मोकळे होण्यासाठी जबरदस्तीने पद्मासन घालणारे दुखणे वाढवून घेतात. हे निदान तीन महिने चालवावे लागते.

ब्रिटनमध्ये ३४८ रोग्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गट सुधारले. वर्षअखेर १०० पैकी गुण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ५८.८, व्यायामाला ४९.७. सुरुवातीचा फरक वजा जाता शस्त्रक्रिया ६.८ गुणांनी सरस ठरली, पण वर्षभराच्या हिशेबात खर्चाच्या मानाने ती परवडली नाही. तेव्हा व्यायाम नेटाने करूनही चालणे अवघड राहिले तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा, पण पहिल्याच भेटीत कोणी तारीख देऊ लागला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

मुंबईकरांसाठी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि हाजी अली येथील केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपी विभाग आहेत. कामगार विमा असलेल्यांनी आपल्या विमा रुग्णालयात विचारावे. जाताना जुने एक्स-रे न्यावेत, आणि व्यायाम चित्रांसह कागदावर मागून घ्यावेत, कारण रोज रोज खाडा करून रांगेत उभे राहणे कोणाला परवडणार?