विवेक पेढीवरही

तुळजापूरच्या बालाघाट पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. विहीर आटली की शेतकऱ्याची बाग वाळते आणि व्यापाऱ्याची उधारीही बुडते. खानदेशातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी हे नाते ओळखले. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात रॉकेलचा व्यापार मांडणाऱ्या या गृहस्थाने पुढे पिकाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणारे ठिबक सिंचन लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. पाणी वाचले, पीक तगले आणि व्यवसायही वाढला. जैन घरांत पाणी गाळून, जपून वापरण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या आहे. तोच विवेक पेढीवरही पाळला, तर ग्राहकाचे शिवार हिरवे राहील आणि दुकानाची वहीही.