स्लीपनंतर हार्डडिस्क गायब झाली? फॉरमॅट मारू नका, आधी हे करून बघा

पुणे : जेवायला उठताना कॉम्प्युटर स्लीपवर टाकला, परत येऊन माऊस हलवला, तर 'धिस पीसी'मध्ये हार्डडिस्कच दिसेना! सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ किंवा घरचा लॅपटॉप, कुठंही असं होऊ शकतं. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरांचे दाखले त्यातच असतात, म्हणून माणूस घाबरतो. पण अनेकदा डिस्क बिघडलेली नसते, फक्त झोपेतून उठलेली नसते.

असं का होतं?
वीज वाचवण्यासाठी विंडोज स्लीपमध्ये डिस्क आणि यूएसबी पोर्ट बंद करतं. साध्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ती पुन्हा वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पोर्टकडून पुरेशी वीज मिळाली नाही, की डिस्क दिसत नाही.

काय कराल?
१. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. डिस्क दिसली तर सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाईलींची दुसरीकडे कॉपी घ्या.
२. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडा. 'टर्न ऑफ हार्डडिस्क आफ्टर' नेव्हर करा आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा.
३. हा पर्याय दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी टिक आहे, ती काढा.
४. बाहेरची डिस्क हबला न लावता थेट कॉम्प्युटरला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. केबलही बदलून बघा.
५. डिस्क आतली असेल तर मेन स्विच बंद करून साटा केबल आणि पॉवरची पिन घट्ट बसवा.

हे मात्र करू नका
स्क्रीनवर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' असं विचारलं तर कॅन्सल दाबा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक्ससाठी प्रसिद्ध आहे. तिथं डिस्क देताना आधीच स्पष्ट सांगा, 'डेटा पाहिजे, फॉरमॅट करू नका.'

दुरुस्ती होईपर्यंत स्लीप वापरू नका, काम झालं की कॉम्प्युटर शटडाउन करा. आणि महत्त्वाची फाईल कधीही एकाच डिस्कवर ठेवू नका.