डिझेल गाडी सुरू न होणे

डिझेल गाडीचा स्टार्टर इंजिनाला नीट फिरवतो, परंतु इंजिन स्वतःच्या बळावर चालू होत नाही, हा वाहनांतील एक नेहमी आढळणारा बिघाड आहे. बोलीत याचे वर्णन ‘सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही’ असे करतात. किल्ली फिरवल्यावर केवळ ‘टक्’ असा आवाज येणे हा निराळा बिघाड असून त्याचा संबंध बहुधा बॅटरीशी किंवा स्टार्टरशी असतो.

तत्त्व

डिझेल इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी वापरत नाहीत. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने मूळ आकारमानाच्या सुमारे १५ ते २२ पट दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे या तत्त्वावरील पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चालले. यावरून निदानाची दिशा ठरते : इंधन पोहोचत नाही, हवा पुरेशी तापत नाही, किंवा इंधन योग्य वेळी फवारले जात नाही.

धुराची परीक्षा

स्टार्टर फिरत असताना धुराड्याकडे पाहणे ही पहिली व विनाखर्चाची तपासणी होय. धूर मुळीच नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत जात नसण्याचा संभव अधिक. पांढरा किंवा करडा धूर येत असेल, तर इंधन जात आहे, पण पेटत नाही. अशा वेळी दाब, उष्णता किंवा फवारणीची वेळ तपासावी. धुराचे शुद्धीकरण करणारी यंत्रणा असलेल्या नव्या गाड्यांत मात्र केवळ धुरावर विसंबू नये.

इंधनमार्गातील दोष

टाकीतील डिझेल प्रथम पाहावे. काटा फसवा असू शकतो. त्यानंतर फिल्टरखालील निचऱ्याची चकती सैल करून पाणी साचले आहे का, ते पाहतात. डिझेल संपल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर मार्गात हवा शिरते. याला कारागीर ‘एअर धरणे’ म्हणतात. हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाचा जोर तिच्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडत नाही. हातपंप दाबून, हवा काढण्याच्या स्क्रूतून बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत ती काढावी लागते. शेतातील डिझेल पंप चालविणाऱ्यांना ही रीत परिचित आहे. वारंवार हवा शिरत असेल, तर नळीची चीर किंवा सैल क्लिप शोधावी. केवळ हवा काढत राहणे हा उपाय नव्हे.

यांत्रिक पंपाच्या अनेक जुन्या गाड्यांत इंधन रोखणारा विद्युत सोलेनॉइड असतो. किल्ली चालू केल्यावर तेथे विद्युतपुरवठा पोहोचला नाही, तर पंप निर्दोष असूनही इंधन पुढे जात नाही.

दाब व उष्णता

बॅटरी उतरलेली असल्यास इंजिन फिरते, पण मंद गतीने. हवा तापण्याआधीच उष्णता धातूत निघून जाते. ग्लो प्लग निकामी झाल्यास मुख्यतः पूर्वकक्ष असलेली इंजिने थंडीत अडतात. नीरा-भीमा संगमावरील नरसिंहपूरसारख्या (ता. इंदापूर) सखल, उष्ण भागात डिझेल गोठण्याइतकी थंडी पडत नाही; म्हणून तेथे हिवाळ्यातही इंधन, हवा व बॅटरी यांचाच विचार आधी करणे योग्य ठरते. इंजिन नेहमीपेक्षा हलके फिरत असेल, तर टायमिंग पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्टार्टर पुन्हा मारू नये. झडपा व दट्टे एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते.

इलेक्ट्रॉनिक प्रणाली

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले. आजच्या डिझेल व्हॅनमध्ये प्रायः कॉमन रेल प्रणाली असते. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल, तर संगणकाने किल्ली ओळखलेली नसते. स्टार्टर फिरताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर क्रँकशाफ्ट सेन्सरचा संशय घ्यावा. स्कॅनरवरील संकेतांक दोषाचे क्षेत्र दाखवतो. तेवढ्यावरून सुटा भाग बदलू नये. गळक्या इंजेक्टरमुळे किंवा अडलेल्या फिल्टरमुळेही रेलमधील दाब कमी पडतो आणि दोष पंपावर येतो.

दक्षता

स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक मारू नये व मध्ये विश्रांती द्यावी. अन्यथा तो तापून जळतो. कॉमन रेलच्या उच्चदाब नळ्या इंजिन फिरत असताना सैल करू नयेत. त्यांतील दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि ती धार त्वचा भेदून आत शिरते. अशी जखम वरून किरकोळ दिसली, तरी तत्काळ शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारणे स्फोटक ठरू शकते. उताराच्या किंवा नोझलच्या कामाआधी टाकी, फिल्टर, हवा, बॅटरी व फ्यूज हा क्रम पूर्ण केल्यास पंप विनाकारण उतरविण्याचा खर्च बहुधा टळतो.