एकचाकी सायकलीच्या क्रँकची लांबी : बल, कार्य आणि थकवा

सायकल ‘जड चालते’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा त्या एका ‘जड’ शब्दात तीन भिन्न अर्थ एकवटलेले असतात. पॅडल जोराने दाबावे लागते, हा पहिला. तेवढेच अंतर तोडण्यास एकंदर श्रम अधिक पडतात, हा दुसरा. आणि चालविणारा लवकर थकतो, हा तिसरा. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत पहिल्यास बल व दुसऱ्यास कार्य अशी स्वतंत्र नावे आहेत. थकवा हा शरीरविज्ञानाचा विषय होय. वंगण सुकलेल्या सायकलीत ही तिन्ही एकदमच वाढत असल्यामुळे बोलीला त्यांत भेद करण्याची गरज सहसा पडत नाही. डोंगरवाटांवर चालविल्या जाणाऱ्या एकचाकी सायकलीत मात्र ती परस्परांपासून फुटून निघतात. ‘लांब क्रँक हलकी, आखूड क्रँक जड’ ही समजूत कोणत्या अर्थाने खरी आहे, हे तेथे निश्चित करावेच लागते.

दगड, मुळे आणि तीव्र चढउतार यांवरून एकचाकी नेण्याचा हा क्रीडाप्रकार अनेक देशांत रुजला असून, कॅनडातील क्रिस होल्म हे त्यातील सर्वपरिचित नाव आहे. या वाहनाची रचना अत्यंत साधी असते. चाकाच्या आसालाच दोन्ही बाजूंस क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, घट्ट बसविलेले असतात. साखळी नाही, फ्रीव्हील नाही; पायाच्या एका फेऱ्याबरोबर चाकाचा एकच फेरा होतो. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी टाचेने कळ दाबून बदलता येणारा दोन गिअरांचा तुंबा तयार केला; परंतु डोंगरवाटेवरील बहुसंख्य एकचाक्या त्यावाचूनच चालतात. यास्तव ‘क्रँक हाच एकचाकीचा गिअर’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. गिअर बदलला की पायांच्या फेऱ्यांची संख्याही बदलते. क्रँक बदलल्याने ती बदलत नाही. बदलतो तो केवळ पाऊल ज्या वर्तुळात फिरते त्या वर्तुळाचा आकार.

शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) या अमेरिकन सायकलतज्ज्ञाने क्रँकची लांबी हिशेबात घेणारे एक गुणोत्तर सुचविले होते : पाऊल एक एकक सरकले असता वाहन किती एकके सरकते? एकचाकीच्या बाबतीत चाकाच्या त्रिज्येला क्रँकच्या लांबीने भागले की ते मिळते. २९ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३६८ मि.मी. धरल्यास १५० मि.मी. क्रँकसाठी ते २.४५ व १२५ मि.मी. क्रँकसाठी २.९४ येते. तुलनेसाठी डोंगरी सायकलीचा अगदी खालचा गिअर घ्यावा : पुढे ३२ दाते, मागे ५१ दाते, चाक तेच आणि क्रँक १७० मि.मी. तेथे हे गुणोत्तर १.३६ भरते. अर्थात एकचाकीची ‘हलकी’ क्रँकदेखील सायकलीच्या त्या गिअरच्या १.८ पट बल मागते.

आता ७० किलो वजनाचा स्वार आणि १० किलोची एकचाकी शंभरास वीस अशा चढावर संथ गतीने जात आहेत, असे समजावे. घर्षण सोडून दिले तरी वाहनाला मागे ओढणारे बल सुमारे १५.७ किलो वजनाइतके होते. स्वार उभा राहून खाली जाणाऱ्या पॅडलवर आळीपाळीने भार टाकतो; हा भार फेऱ्याच्या माथ्याशी व तळाशी चाक फिरविण्यास निरुपयोगी ठरतो, हेही हिशेबात धरले पाहिजे. तसे केले असता १५० मि.मी. क्रँकवर सुमारे ६०.५ किलो, तर १२५ मि.मी. क्रँकवर ७२.६ किलो भार लागतो. पहिल्या बाबतीत स्वाराच्या वजनातून साडेनऊ किलो शिल्लक उरतात. दुसऱ्या बाबतीत त्याचे संपूर्ण वजनही अपुरे पडते, आणि त्याला खोगिराची मूठ हाताने वर खेचून पायांखालील दाब वाढवावा लागतो. केवळ २५ मि.मी.च्या फरकाने श्रमाचे स्थानच बदलते. ते मांड्यांतून दंड, खांदे व पाठ यांच्याकडे जाते.

कार्य मात्र दोन्हीकडे तेच राहते. ८० किलोचा भार १०० मीटर उंच नेण्यास सुमारे ७८ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि क्रँकची लांबी तीत काडीचाही फरक करीत नाही. फरक पडतो तो स्नायूला आपल्या कमाल शक्तीच्या किती जवळ जाऊन आकुंचन पावावे लागते, यात. आकुंचन जितके तीव्र, तितका स्नायूतील रक्तप्रवाह आवळला जातो व लवकर थकणारे जलद तंतू कामास लावले जातात. समान कार्य करूनही आखूड क्रँकवरील स्वार तीव्र चढावर आधी थकतो, याचे कारण येथे आहे.

एवढ्यावरून लांब क्रँक सर्वत्र श्रेयस्कर मानणे युक्त नव्हे. मॅक्डॅनियल व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १४५, १७० व १९५ मि.मी. क्रँक वापरल्या होत्या. शरीराचा ऊर्जाव्यय मुख्यतः प्रत्यक्ष कार्याच्या वेगावर अवलंबून असतो व त्याखालोखाल पावलाच्या वेगावर, असे त्यांत आढळले. हे प्रयोग स्थिर सायकलीवरचे होते आणि तेथे फेऱ्यांची संख्या प्रयोगकर्त्याच्या हाती होती. एकचाकीत ती वाहनाच्या वेगानेच ठरते. ताशी १५ कि.मी. वेगाला वरील चाक मिनिटास सुमारे १०८ फेरे घेते, मग क्रँक कोणतीही असो. मात्र पावलाचा वेग १२५ मि.मी.वर सेकंदाला १.४ मीटर, तर १५० मि.मी.वर १.७ मीटर होतो. सपाटीवर, जेथे बलाची फारशी गरज नसते, तेथे हा वाढीव वेग निष्कारण खर्चच होय. शिवाय तळाशी पाय तितकाच सरळ राहावा म्हणून लांब क्रँकबरोबर बैठक २५ मि.मी. खाली घ्यावी लागते. परिणामी माथ्याशी पाऊल कमरेला ५० मि.मी. अधिक जवळ येते, गुडघा अधिक दुमडतो आणि शरीराचे डावे-उजवे हेलकावे वाढतात. ते सावरण्याचे श्रम कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाहीत.

उतारावरचा थकवा याहून निराळा. फ्रीव्हील नसल्याने पाय थांबविता येत नाहीत. ब्रेक नसेल तर पॅडलला मागे रेटूनच गती आवरावी लागते. अशा वेळी मांडीचा स्नायू लांबत असतानाच ताण धरतो. त्याला प्राणवायू कमी लागतो, परंतु दुसऱ्या दिवशीचे दुखणे अधिक असते. येथेही लांब क्रँक उपयोगी पडे. डिस्क ब्रेक आल्यापासून हे काम बव्हंशी हाताच्या बोटांकडे गेले, आणि आखूड क्रँक डोंगरात वापरण्याजोगी झाली ती मुख्यतः यामुळे. काही क्रँकांना पॅडलसाठी दोन छिद्रे असतात. चढास प्रारंभ करताना पॅडल बाहेरच्या छिद्रात बसवावे, चढ संपताच आतल्या छिद्रात घ्यावे, अशी ती सोय. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे एका पान्याने हे काम होते.